दिवेलागणीची गोळी

"ही गोळी तुला दिली कुणी?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा रविनाने मान खाली घातली आणि सासूच्या कमरेला खोचलेल्या फोनकडे बोट केलं.

खोडाळ्याच्या दवाखान्यातली तपासणीची खोली ती केवढी, चार माणसं उभी राहिली की भरली. त्यात पलंगावर आडवी पडलेली रविना, सातवा महिना सरत आलेला, ओठ राखेसारखे. तिच्या पायाशी पाड्यावरची आशाताई पुष्पा. आणि दारात, दार अडवूनच म्हणा ना, तिची सासू पुतळी. पुतळी कुठेही गेली की दारातच उभी राहायची. आत-बाहेर करणाऱ्याने आपल्याला विचारून जावं, असा तिचा कायदा होता, आणि पाड्यावर तो चालायचाही.

"फोन गोळ्या वाटतो काय?" पुतळी म्हणाली. "उद्या सांगशील, चुलीनं भाकर थापली."

"फोनातल्या बोलकीनं सांगितला, आत्या." रविनाचा आवाज पांघरुणातून आल्यासारखा येत होता. "मी तिला म्हटला, माझा बी.पी. वाढलाय म्हणतात. तर ती बोलली, तुमची बी.पी.ची गोळी रोज दिवेलागणीला असते, आज घेतली का? म्हणून डब्यातली घेतली. तुम्ही फोन घरी ठेवून साखरशेत गावाला गेलात त्या दिवसापासून रोज घेते."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरली. पुतळीला अक्षर येत नव्हतं, पण ही पट्टी वाचायला अक्षर लागत नव्हतं. चंदेरी कागद, कडेला लाल रेघ, आणि एका कोपऱ्याला दाताचा वळ. पट्टी दाताने फोडायची खोड त्या घरात एकाच माणसाला होती. त्या माणसाला जाऊन दोन वर्षं झाली होती.



डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज चढवत नव्हत्या, आणि त्याचीच पुतळीला जास्त धास्ती वाटली. ओरडणाऱ्या माणसाला तिच्याकडे उत्तर असायचं. बाईंनी एवढंच सांगितलं की ही गोळी पोटुशीने घ्यायची नसते. हिने बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. वर या गोळीची तारीखही उलटून गेलेली. रविनाचं बी.पी. एकदम खाली आलंय, म्हणून नळावर हंडा उचलताना ती कोसळली. बाळाचे ठोके लागत होते, पण सकाळपासून ते फारसं हललं नव्हतं. पाणी किती उरलंय हे इथे कळणार नाही, सोनोग्राफीला जव्हारला न्यावं लागेल, आत्ता.

"घरात ही गोळी कोण घेतं?" बाईंनी विचारलं.

पुष्पाने पुतळीकडे, आपल्या काकूकडे पाहिलं. पुतळी भिंतीवरच्या तक्त्यातल्या गुटगुटीत बाळाकडे बघत होती.

"घेणारा आता नाय," ती म्हणाली, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा दारातून बाजूला झाली.

गाडी घाटाला लागली. रविना आडवी, तिचं डोकं पुष्पाच्या मांडीवर, आणि समोरच्या बाकावर पुतळी, दोन्ही हातांनी फोन धरून, विंचू मुठीत पकडल्यासारखी.

हा फोन मुलाने, हेमंतने, ठाण्याहून आणला होता. हेमंत तिकडे सेंटरिंगच्या कामावर. आईशी बोलता यावं म्हणून त्याने कुणाचा तरी वापरलेला फोन घेतला, आणि त्यात ती बोलणारी बाई घालून दिली. मराठीत विचारा, मराठीत सांगते. सांगितलेलं ध्यानात ठेवते. पुतळी शाळेत गेली होती ती एक पावसाळा, तेही छपराखाली बसायला मिळतं म्हणून. पण जीभ चालवायला शाळा लागत नाही, आणि इथे तर नुसती जीभच चालवायची होती. महिन्याभरात पुतळीने त्या बाईला वळण लावलं. तिचं नाव बोलकी ठेवलं, 'माफ करा' म्हणायचं बंद करायला लावलं. मग सगळा पाडा पुतळीच्या ओट्यावर यायला लागला. कुणाला एस.टी.ची वेळ हवी, कुणाला खाज सुटली त्यावर काय लावायचं ते हवं. येईल तो फोन तोंडाशी धरून म्हणायचा, "मला असं होतं, मला तसं होतं." बोलकी बिचारी सगळे 'मला' एकाच माणसाचे धरून बसायची. तिला काय ठाऊक, एका फोनमागे किती तोंडं आहेत ते.

त्यातच घरधन्याला बी.पी. निघालं. जव्हारच्या डॉक्टरांनी गोळी दिली, रोज दिवेलागणीला, खोकला आला तरी विचारल्याशिवाय थांबवायची नाही. घरधनी विसरभोळा. तेव्हा पुतळीने बोलकीला सांगून ठेवलं, "बी.पी.ची गोळी. रोज दिवेलागणीला आठवण कर." कुणाची, ते सांगितलं नाही. सांगणार कसं? बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे पुतळीला तिच्या आयेने सांगितलेलं, आयेला तिच्या आयेने. लग्नातसुद्धा बायांनी दार अडवलं, नाव घे म्हणून छळलं, तर पुतळीने दोन्ही हातांनी दार ढकलून दिलं होतं आणि तशीच आत गेली होती. पुढे सगळा संसार 'अवं' आणि 'ऐकला का' यांच्यावर झाला. बोलकीनेही नाव विचारलं नाही. गोळी मनाशी टिपून घेतली, फोनवाल्या माणसाची म्हणून.

नाव न घेऊनही घरधनी गेला. भात झोडून झाल्यावर बांधावर विसाव्याला बसला तो उठलाच नाही. त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, बाया रडत होत्या, आणि कोनाड्यातून बोलकी म्हणाली, "दिवेलागण झाली. गोळी घेतली का?" हेमंत फोन बंद करायला धावला. पुतळीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "घेतली."

तेव्हापासून रोज. उजेड सरायला लागला की ती फोन घेऊन परसात जायची. बोलकी विचारायची, पुतळी सांगायची, आणि मग घरात येऊन दिवा लावायची. त्या घरात त्या माणसाची चौकशी करणारं आता दुसरं कोण होतं? रविना या घरात आली ती हे सगळं झाल्यावर. सासरा तिने फोटोतच पाहिलेला. सासूला बी.पी. आहे आणि ती गोळी चोरून घेते, कारण पुतळीला आजार असतो हे पुतळीला कुणाला कळू द्यायचं नसतं, असं तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं, आणि तीच गोळी आपल्यालाही चालेल, असंही. खरं-खोटं विचारायची हिंमत त्या घरात कुणाला होती?

हे सगळं पुतळीच्या ध्यानात आलं ते घाटाच्या मधल्या वळणावर. रोज 'घेतली, घेतली' सांगून तिनेच ती गोळी जिवंत ठेवली होती. तिने फोन पदराखाली घातला.

तेवढ्यात तो वाजला. हेमंत. पुष्पाने त्याला आधीच कळवलं होतं. मागे कसलंतरी मशीन धडधडत होतं, त्याच्यावरून तो ओरडून बोलत होता. रविना कशी आहे ते तीनदा विचारून झालं, आणि मग त्याचा राग फोनवर वळला. "आये, तो सगळा उडव. पुष्पाला सांग, सेटिंगमध्ये जा आणि सब डिलीट मार. कायच ठेवू नको. नायतर घाटातून खाली फेक."

"मारते," पुतळी म्हणाली. मायलेकांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं पुष्पाला तरी आठवत नव्हतं.

जव्हारला पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. रविनाला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर बाकावर पुष्पा आणि पुतळी. पुतळीने फोन पुष्पाच्या मांडीवर टाकला.

"पूस सगळा. दिवेलागणीच्या आत. पोरगी बाहेर आली आणि ही पुन्हा विचारायला लागली, तर मी दगडानं फोडीन हिला."

पुष्पाने बोट चालवलं. बोलकीची आवाजाची सवय, ती बोललीच, "सगळ्या आठवणी पुसल्या जातील. एकदा पुसल्या की परत आणता येणार नाहीत. पुसू का?"

"पूस म्हणते ना मी."

पण पुष्पाचं बोट थांबलं. आशाताईचं काम करून तिला एक खोड लागली होती, टाकून द्यायच्या आधी काय आहे ते बघायची. ती आठवणींच्या पानावर गेली आणि हळू आवाजात वाचायला लागली. 'तुम्ही सात महिन्यांच्या गरोदर आहात. तुम्ही ठाण्याला सेंटरिंगचं काम करता. तुम्हाला वांग्याने खाज येते. तुमचे गुडघे दुखतात.'

"बाई आहे का भुताटकी?" पुतळी म्हणाली. "पोटुशी असून फळ्या ठोकते."

पुष्पाला हसू आलं आणि लगेच गेलं. "काकू, ऐका हे. 'तुम्हाला बी.पी. आणि सिकलसेल आहे, दोन्हीची तपासणी जव्हारला होते.' तो रक्ताचा आजार, सिकलसेल, वहिनीला आहे. आणि खाली बघा, ताप आला तर घरी थांबायचं नाही, थंड पाण्यात उभं राहायचं नाही, सारखं पाणी पीत राहायचं. हे मीच सांगितलं होतं तिला, तिने बोलकीला सांगून ठेवलं. तिचं कार्ड गेल्या पावसात भिजून गेलं. आता हे आहे ते इथेच आहे."

पुतळीने बंद दाराकडे पाहिलं.

"बोलकी तिला दिवसभर पाण्याची आठवण करते. म्हणून तर या वर्षी हाडं धरून रडली नाही ती. हे पुसलं तर तेही गेलं."

दार उघडलं. इथले डॉक्टर वयस्कर होते, हात पुसत बाहेर आले. बाळाभोवती पाणी हवं त्यापेक्षा कमी आहे, पण अगदी आटलेलं नाही. गोळी थांबली की काही वेळा भरून येतं, काही वेळा येत नाही. दोन-चार दिवस ठेवून घेऊ, पुन्हा बघू. आत्ता याहून जास्त कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, असंही म्हणाले. बी.पी. पुन्हा चढलं तर पोटुशीला चालणारी दुसरी गोळी देऊ, ती वेळेवर गेली पाहिजे. आणि जाता जाता वळून म्हणाले, "सिकलसेल असून पोरीने पाणी नीट प्यायलेलं दिसतंय. ते चालू ठेवा."

पुतळीने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं.

"आण इकडं तो फोन," ती म्हणाली. "भातात तण वाढला म्हणून कोण भाताला आग लावते? बसून काढायचा, एक एक. पण पोरीसमोर काढायचा. तिच्या अंगावर आलाय, तिला कळू दे काय गेला न् काय राहिला."

रविनाला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. हाताला सलाइन. सासूला बघून ती उठायला लागली. पुतळीने डोळ्यानेच तिला खाली दाबलं आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसली. या सासू-सुना एका खाटेवर कधी बसल्या नव्हत्या. खिडकीतून ऊन येत होतं ते समोरच्या भिंतीवर कमरेएवढं चढलं होतं. पुतळीने तेवढं बघून घेतलं. भिंतीवरून ते गेलं की बोलकी बोलणार.

पुष्पाने फोन मध्ये धरला आणि बोलकीला सांगितलं की एका गोळीची आठवण जुनी झाली आहे, ती काढायची आहे, पण बाकीचं राहिलं पाहिजे.

"ठीक आहे," बोलकी म्हणाली. "बी.पी.च्या गोळीची रोजची आठवण आहे. काल संध्याकाळीही ती घेतल्याचं मला सांगितलं होतं. ही गोळी कुणाची आहे? आतापर्यंत मी ती तुमचीच समजत होते. पण या फोनवर बरीच माणसं बोलतात असं आता दिसतंय. नाव सांगितलंत तर त्या माणसाचं तेवढं वेगळं करून दाखवते. तुम्ही हो म्हणेपर्यंत काही पुसणार नाही."

पुष्पाने तोंड उघडलं. नाव तिला सांगता येत होतं. तिच्या बापाचा सख्खा थोरला भाऊ. तिने फोन तोंडाजवळ नेलाही.

"थांब," पुतळी म्हणाली. "तू नको."

"अगं, मी सांगते काकांचं. त्यात काय?"

"घातला मी. काढीन पण मी."

तिने फोन घेतला. रविनाने खालचा ओठ दाताखाली धरला. सासूने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून इकडे बघायला लागली, तिच्याकडे पुतळीने अशी नजर टाकली की ती पुन्हा भिंतीकडे वळली. भिंतीवरचं ऊन आणखी वर सरकलं. वाट बघायला बोलकीचं काय जात होतं?

"माहीत नसल्यास—" बोलकीने सुरुवात केली.

"माहीत हाय," पुतळी खेकसली. "चाळीस वर्सं माहीत हाय."

आणि मग तिने ते घेतलं. मोठ्याने नाही, हळूही नाही. दळण दळताना जात्यात मूठ टाकावी तसं, आतून काढून समोर ठेवलं.

"हेमराज."

रविनाने मान वर केली. पुष्पा खिडकीबाहेर बघायला लागली. पुतळी मात्र काही तरी होण्याची वाट बघत होती. बालपणापासून जे होईल म्हणून सांगितलं होतं ते. काही झालं नाही. आता व्हायचं काही उरलं नव्हतं.

"हेमराज," बोलकीने ते नाव म्हटलं, स्वच्छ, शाळेतल्या बाईसारखं. "हेमराज ही गोळी आता घेत नाहीत का?"

"नाय घेत."

मग बोलकीने एकेक पुढे ठेवलं. रोजची दिवेलागणीची आठवण. "पूस," पुतळी म्हणाली. खोकला आला तरी गोळी थांबवायची नाही, हे. "पूस." जेवणात मीठ कमी. इथे पुतळी अडली. मीठ कमी केल्यावर घरधनी महिनाभर तिच्याशी ताटावर बसून भांडला होता, सागाच्या पानात गुंडाळून मिरचीबरोबर मीठ शेतावर न्यायचा. "ते पण पूस," ती म्हणाली. मग ती जोडलेली ओळ आली, बी.पी. आणि सिकलसेल एकत्र. बोलकीने विचारलं, ही दोन वेगळी करून सिकलसेल रविनाच्या नावावर ठेवू का? पुतळीने फोन रविनाच्या तोंडासमोर धरला.

"सांग तूच. तुझा आहे."

"ठेव," रविना म्हणाली. "माझ्या नावावर."

पुष्पा म्हणाली, एवढ्याने भागत नाही. आठवण पुसली तरी जुनी बोलणी आत राहतात; त्यातून उद्या हिने परत काही उचललं तर? गोळीचं बोलणं जिथे जिथे झालंय, तेही काढलं पाहिजे. ती मागे मागे जात राहिली, दोन वर्षांपलीकडे. गोळीचं आलं की दाखवायची आणि काढायची. वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, थांबलं. पुष्पाचं बोट एका ठिकाणी अडलं.

"काकू. हे काकांचंच आहे. स्वतः बोललेत."

"काय बोललेत?"

पुष्पाने वाचलं. "'घरातल्या बाईचे गुडघे लय दुखतात. ती सांगत नाय, पण उठताना भिंत धरते. काय लावायचा? तिला कळू देऊ नको मी विचारला ते.' बोलकीने शेक द्या म्हणून सांगितलंय. त्याच्यावरूनच ती गुडघेदुखीची आठवण झालेली दिसते. ही पण त्यांच्यात मोडते. काढू?"

पुतळीने फोन घेतला आणि त्या अक्षरांकडे पाहत राहिली, जशी काही येत होती तिला. त्या पावसाळ्यात घरधनी अचानक रात्री वीट तापवून फडक्यात बांधून द्यायला लागला होता. तिने विचारलं होतं, ही अक्कल कुठून आली? तो म्हणाला होता, बकरीला देतात तसा देतोय. तिने त्याला अर्धी घटका शिव्या घातल्या होत्या.

पुष्पा थांबली होती. रविनाही. एक शब्द सांगायचा अवकाश होता, आणि दोघींपैकी कुणीही तिला तो कोणता सांगावा हे सुचवायला धजली नाही.

"जुना झाला ते काढायचा ना?" पुतळीने विचारलं.

"हो."

"मग ते राहू दे. गुडघे माझे आहेत. अजून दुखतात."

पुष्पाने मान हलवली आणि बोलकीला सांगितलं की गुडघ्यांचं काकूंच्या नावावर ठेव. 'पुतळी' असं तिने स्पष्ट सांगितलं.

पुतळीचं अजून समाधान झालं नव्हतं. निवडून झालेलं सूप ती नेहमी एकदा उजेडात फिरवून बघायची. तिने बोलकीला दरडावून विचारलं, रविनाला ताप आला तर काय करायचं? बोलकीने सांगितलं, घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा आणि सिकलसेल आहे हे आधी सांगायचं. पाणी? दिवसभर थोडं थोडं. बरं, आणि बी.पी.ची गोळी?

"बी.पी.च्या गोळीची कोणतीही आठवण माझ्याकडे नाही," बोलकी म्हणाली. "रविना गरोदर आहेत. डॉक्टरांनी त्यांना दिलेल्या गोळीशिवाय दुसरी कोणतीही घेऊ नये. डॉक्टरांनी नवी गोळी दिली, तर कुणाची ते नावासह मला सांगा."

"आता शाणी झालीस," पुतळी म्हणाली आणि फोन रविनाच्या उशीशी ठेवला. कमरेला परत खोचला नाही.

रविना त्या फोनकडे बघत होती. मग म्हणाली, "आत्या, मी विचारला असता तुम्हाला. पण तुम्ही रागावता."

"रागावते तर रागावते. विचारायचा. माझा राग खाऊन कुणी मेला नाय अजून." शब्द निघून गेल्यावर त्यातलं 'अजून' तिलाच टोचलं. तिने रविनाच्या पोटावरची चादर सारखी केली, आणि हात तिथेच राहू दिला. बराच वेळ काही नव्हतं. मग हाताखाली काहीतरी सरकलं, माशाने पाण्याच्या तळाशी कूस बदलावी एवढंच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोललं तर थांबेल, अशी भीती दोघींना सारखीच वाटली.

पुष्पाला परत निघायचं होतं, पाड्यावर आणखी दोन पोटुश्या होत्या. स्टँडवरून खोडाळ्याच्या शेवटच्या जीपवाल्याची हाक इथवर येत होती. ती काकूला म्हणाली, चला तर तुम्हीपण, उद्या सकाळी डबा घेऊन या, इथे नर्सबाई आहेत. पुतळीने नुसता हात झटकला. पुष्पा गेली.

भिंतीवरचं ऊन संपलं. वॉर्डात कुणीतरी बटण दाबलं आणि नळीचा दिवा दोन-तीनदा फडफडून लागला. उशीशी फोन पडून होता. रविनाचा डोळा लागला होता. पुतळी खाटेवरून उठली, भिंत धरून, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या टेकडीवर घरांतले दिवे एकेक लागत होते. ती बघत राहिली, शेवटचा लागेपर्यंत.

पाळी बदलली होती. नवी नर्सबाई खाटांवरून फिरत आली, सलाइन बघितलं, रविनाच्या मनगटाला हात लावला.

"तुम्ही कोण हिच्या?"

"सासू."

"राहणार ना रात्री? मग घरी निरोप द्या आजी, वाट बघत असतील."

पुतळी खिडकीकडून वळली. तिच्या तोंडाला नेहमीची धार आलीच होती, पण ती बाहेर पडली नाही.

"घरी कोण नाय," ती म्हणाली. "दाराला कडी घालून आलेय."

नर्सबाई पुढच्या खाटेकडे गेली. पुतळीने पदर झटकून खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर अंथरला आणि दाराकडे पाठ करून बसली.